ओझे, चढ आणि पल्ला : थळघाटाने दीडशे वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न

१/२३
टिटवाळा म्हटले की महागणपतीचे मंदिर आणि काळू नदी आठवते. वाहतुकीच्या इतिहासात मात्र या गावाचे महत्त्व वेगळे आहे. कल्याणहून निघालेला लोहमार्ग येथून कसाऱ्याकडे आणि पुढे थळघाटाकडे जातो. मागे ओझे जोडले की वाहनाचा पल्ला किती उरतो, हा प्रश्न या मार्गाने फार पूर्वीच सोडवायला घेतला होता. विजेवर चालणाऱ्या पिकअप ट्रकांमुळे तोच प्रश्न आज जगभर पुन्हा विचारला जात आहे.

२/२३
आधी आजचा प्रश्न. फोर्ड कंपनीचा एफ-१५० लाइटनिंग हा विजेवरचा पिकअप ट्रक २०२२ मध्ये अमेरिकेच्या रस्त्यांवर आला. त्याच्या एका महागड्या आवृत्तीचा अधिकृत पल्ला ३०० मैल, म्हणजे सुमारे ४८० किलोमीटर. ‘मोटरट्रेंड’ या नियतकालिकाने त्यामागे फिरती घरे, म्हणजे कॅम्पर ट्रेलर, जोडून पाहिले. सुमारे १,४०० किलोंच्या ट्रेलरसह पल्ला ११५ मैलांच्या आसपास आला. सुमारे ३,३०० किलोंच्या ट्रेलरसह ९० मैलांच्या आसपास.

३/२३
या आकड्यांत दोन गोष्टी दडल्या आहेत. पहिली उघड आहे : ट्रेलर जोडताच पल्ला निम्म्याहूनही कमी झाला. दुसरी अधिक बोलकी आहे : ट्रेलरचे वजन दुपटीहून वाढले, तरी पल्ला ११५ वरून ९० वरच आला. म्हणजे पल्ला खाणारे केवळ वजन नव्हे. मग दुसरे काय? उत्तरासाठी थळघाटाच्या पायथ्याशी जावे लागते.

४/२३
कल्याण हे प्राचीन बंदर. देशावरचा माल घाटवाटांनी येथे उतरत असे. नाणेघाटातील सातवाहनकालीन शिलालेख या वर्दळीच्या काळाचे साक्षीदार आहेत. त्या काळी ओझे वाहणारा बैल स्वतःचे इंधनही वाहत असे, किंवा वाटेत चरून मिळवत असे. दाणावैरण जास्त घेतली की विकायचा माल कमी. माल जास्त घेतला की मुक्काम जवळ. चढावर गाड्यांना जास्तीची बैलजोडी लावावी लागे. टप्पा, पडाव आणि जोडी या तीन शब्दांत त्या काळचे पल्ल्याचे गणित मावते.

५/२३
मुंबई ते ठाणे ही पहिली रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. १ मे १८५४ रोजी ती कल्याणला पोचली आणि १ ऑक्टोबर १८५५ रोजी टिटवाळ्यावरून वासिंदपर्यंत गेली. कसारा गाठायला १ जानेवारी १८६१ उजाडला. कसारा ते इगतपुरी हा अवघ्या १५ किलोमीटरांचा तुकडा सुरू झाला तो १ जानेवारी १८६५ रोजी. या शेवटच्या १५ किलोमीटरांसाठी चार वर्षे थांबावे लागले, कारण मध्ये सह्याद्री उभा होता.

६/२३
ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्यापुढचा पेच समजण्यासाठी एक साधा हिशेब पुरतो. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार सहज फिरते. सपाट मार्गावर बेताच्या वेगाने १ टन ओझे हलते ठेवण्यास साधारण २ ते ४ किलोंची ओढ पुरते. १,००० टनांची गाडी अवघ्या ३ टनांच्या ओढीने चालत राहते. रेल्वे स्वस्त ठरली ती या गुणामुळे.

७/२३
पण हाच गुण चढावर तोकडा पडतो. थळघाटातील सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांस १ फूट. अशा चढावर दर टनामागे आणखी २७ किलोंची ओढ लागते, आणि ही वाढ चाक लोखंडाचे असो वा रबराचे, चुकत नाही. म्हणजे सपाटीवर ३ टनांत चालणाऱ्या गाडीला घाटात ३० टनांची ओढ हवी : तब्बल दहापट. डोळ्यांना सौम्य वाटणारा चढ रेल्वेला भिंतीसारखा भासतो, त्याचे कारण हे.

८/२३
घाटाची एकूण चढण ९७२ फूट, म्हणजे सुमारे ३०० मीटर. बोगदे, पूल आणि भराव यांच्या साहाय्याने ती १५ किलोमीटरांवर पसरली, तेव्हा कोठे चढ ३७ ला १ इतका सौम्य झाला. सह्याद्रीच्या घाटांतील या कामांवर हजारो मजूर राबले. साथींनी आणि अपघातांनी अनेकांचे प्राण घेतले. गाडीच्या शक्तीतील उणीव डोंगर फोडून भरून काढली गेली, आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत.

९/२३
वाफेच्या इंजिनाला आपले इंधन आणि पाणी स्वतःच वाहून न्यावे लागे. कोळशातील उष्णतेच्या शंभर भागांपैकी दहाही भाग प्रत्यक्ष ओढीच्या कामी येत नसत. ओझे वाढले की कोळसा आणि पाणी झपाट्याने संपे. म्हणून ठरावीक अंतरावर पाण्याच्या टाक्या, कोळशाचे साठे आणि इंजिन बदलण्याची ठाणी आली. आजचे चार्जिंग स्थानक ही कल्पना या पाण्याच्या टाकीची वंशज म्हणता येईल.

१०/२३
घाटासाठी खास इंजिने मागवली गेली, ज्यांची पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी बसवलेली असे. पाण्याच्या वजनाने चाके रुळावर घट्ट टेकत आणि घसरत नसत. तेच ओझे वर चढवावेही लागे, आणि पाणी संपत जाई तशी पकडही सैल होई. आजच्या विजेवरच्या वाहनातील जड बॅटरीची गत बरीचशी अशीच आहे : ती शक्ती देते, आणि वाहनाने ओढायच्या वजनात स्वतःचीही भर घालते.

११/२३
रेल्वेचे दुसरे उत्तर म्हणजे बँकर. कसाऱ्याला गाडीच्या मागे जास्तीची इंजिने लावायची, त्यांनी ती इगतपुरीपर्यंत ढकलायची आणि मग सुटी होऊन खाली परतायचे. बैलगाडीच्या जास्तीच्या जोडीचेच हे लोखंडी रूप. मागून ढकलण्यात एक शहाणपण होते. सारी ओढ पुढच्या इंजिनाने घेतली तर डब्यांच्या जोडण्यांवर असह्य ताण येतो. आणि जोडणी तुटलीच, तर सुटलेले डबे अडवायला मागे बँकर उभा असतो.

१२/२३
तिसरे उत्तर सर्वांत मूलगामी होते : इंधन गाडीवर ठेवायचेच नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही भारतातील पहिली विजेवरची रेल्वे धावली. डोक्यावरच्या तारेत १,५०० व्होल्टची एकदिश वीज होती. १९२९ मध्ये ही तार बोरघाट चढून पुण्याला गेली, आणि १९३० मध्ये टिटवाळ्यावरून, थळघाट चढून इगतपुरीला. ठाकुर्लीजवळ चोळे येथे रेल्वेने स्वतःचे वीजघर उभारले. कोळसा जळतच राहिला, फक्त इंजिनाऐवजी एका जागी जळू लागला.

१३/२३
मालगाड्यांसाठी १९२८ पासून स्विस आणि ब्रिटिश कारखान्यांत बांधलेली ४१ विद्युत इंजिने आली. शक्ती २,६०० अश्वशक्ती. पुढे-मागे लांब नाकाडे, चाकांना जोडणारे दांडे आणि उभे असताना येणारा कण्हल्यासारखा आवाज, यांमुळे लोकांनी त्यांचे नाव ‘खेकडा’ ठेवले. या इंजिनांना पल्ला हा शब्दच लागू नव्हता. तार जाईल तेथवर ते जात. ओझे वाढले तर वेग कमी होई, पण टाकी रिकामी होण्याचा प्रश्नच उरला नाही.

१४/२३
खेकड्याचा आणखी एक गुण आज विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. घाट उतरताना त्याच्या मोटारी उलट काम करून वीज निर्माण करीत आणि तारेत परत सोडीत. उतरणाऱ्या गाडीच्या वजनातून निघालेली वीज चढणाऱ्या गाडीला मिळे. आज विजेवरच्या मोटारींच्या जाहिरातींत ‘रिजनरेटिव्ह ब्रेकिंग’ म्हणून जे मिरवले जाते, ते कसारा घाटात जवळपास शंभर वर्षांपूर्वी रोजच्या कामाचा भाग होते.

१५/२३
मात्र तारेलाही मर्यादा होत्या. शक्ती तेवढीच हवी आणि व्होल्ट कमी असले, तर प्रवाह वाढवावा लागतो. आणि प्रवाह दुप्पट झाला की तारेतील नासाडी चौपट होते. जड गाडी आणि तिचे बँकर एकाच वेळी जोर लावू लागले की १,५०० व्होल्टच्या तारेवर मोठा भार येई, म्हणून उपकेंद्रे जवळजवळ ठेवावी लागत. ओझ्याचा भार इंजिनावरून उतरला होता खरा, पण तो नाहीसा झाला नव्हता. तो तारेवर आणि उपकेंद्रांवर जाऊन बसला होता.

१६/२३
येथे टिटवाळ्याचे नाव पुन्हा येते. इगतपुरीच्या पलीकडे पुढे २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आली, आणि कित्येक वर्षे इगतपुरीला इंजिने बदलली जात. २००६ मध्ये टिटवाळा ते कसारा हा टप्पा नव्या विजेवर गेला आणि दोन विजांमधील सीमा घाटमाथ्यावरून टिटवाळ्याशी आली. तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह जवळपास सतरापट कमी लागू लागला. काही वर्षांनी ही सीमा मुंबईकडे सरकत नाहीशी झाली. घाटातील ओझ्याचा प्रश्न अशा रीतीने थेट टिटवाळ्याच्या तारांपर्यंत पोचला होता.

१७/२३
आता पिकअप ट्रककडे परत. रस्त्यावर रबरी चाकाला टनामागे साधारण १० किलोंची ओढ लागते, रुळाच्या तिप्पट. म्हणून ३७ ला १ चा चढ आला तरी, वाऱ्याचा विरोध सोडल्यास, ओढ दहापट न होता पावणेचार पट होते. शिवाय रस्त्यावर वेग मोठा असतो, आणि वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. गाडीमागे उंच, चौकोनी फिरते घर जोडले की जणू दुसरी भिंत वाऱ्याला भिडते. ‘मोटरट्रेंड’च्या कोड्याचे उत्तर हे : पल्ला वजनाहून अधिक वाऱ्याने खाल्ला.

१८/२३
यातून व्यवहाराचे दोन निष्कर्ष निघतात. सारख्याच वजनाचा बुटका, सपाट ट्रेलर उंच पेटीसारख्या ट्रेलरपेक्षा पल्ला कमी खातो. आणि वेग ताशी १०० वरून ८० किलोमीटरवर आणला, तर दर किलोमीटरमागे वाऱ्यापायी जाणारी शक्ती एक तृतीयांशाहून अधिक वाचते. मालगाडी मेलगाडीपेक्षा सावकाश चालते, त्यामागेही अशीच काटकसर आहे. सपाटीवर वेग आवरणे हा पल्ला वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

१९/२३
डिझेलच्या गाडीलाही ओझे सोडत नाही. तिचाही पल्ला ट्रेलरमागे बराच घटतो. फरक साठ्याचा आहे. १ लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. लाइटनिंगची मोठी बॅटरी १३१ युनिटांची, म्हणजे वरकरणी १३ लिटर डिझेल. विजेची मोटर ऊर्जा फार कमी वाया घालवते, त्यामुळे ही बॅटरी ३५ ते ४० लिटर डिझेलइतके काम करते. तरीही टाकी लहानच. मोठ्या टाकीत निम्मी घट खपून जाते आणि पाच मिनिटांत भरून निघते. लहान टाकीत तीच घट प्रवासाचा बेत मोडते.

२०/२३
आपल्याकडे ट्रेलर ओढणारे पिकअप क्वचित दिसतात. ओझे असते ते पाठीवर. टाटांचा ‘एस ईव्ही’ २०२२ मध्ये आला. बॅटरी २१.३ युनिट, प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर. कल्याण ते नाशिक अंतर त्याच्या आत बसते. पण नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. भरलेल्या गाडीचे वजन २ टन धरले, तर केवळ ही उंची चढायला सव्वातीन युनिटे लागतात. मोटरमधील घट धरून सुमारे ४. म्हणजे बॅटरीचा जवळपास पाचवा भाग नुसत्या चढणीत गेला. रस्ता, वारा आणि उन्हाळा यांचा हिशेब त्यानंतर सुरू होतो.

२१/२३
उलट दिशेचे चित्र वेगळे आहे. नाशिकचा भाजीपाला कल्याण आणि मुंबईच्या बाजारांकडे येतो तो भरल्या गाडीने उतरत. उतारावर खेकड्याप्रमाणेच या गाडीची मोटर वीज परत मिळवू शकते. आणि ओझे जितके जास्त, तितकी ती अधिक मिळते. अट एकच : बॅटरीत जागा हवी. खेकड्याची वीज तारेतून दुसऱ्या गाडीकडे जाई. बॅटरीच्या गाडीला ती स्वतःच साठवावी लागते. इगतपुरीला बॅटरी काठोकाठ भरून घाट उतरणाऱ्याला या देणगीचा फार थोडा वाटा मिळेल.

२२/२३
रेल्वेची तिन्ही उत्तरे आता रस्त्यावर परतताना दिसतात. पाण्याच्या टाक्यांच्या जागी चार्जिंग स्थानके. बँकरच्या जागी स्वतःची बॅटरी आणि मोटर असलेला ट्रेलर. एअरस्ट्रीम कंपनीने २०२२ मध्ये असा नमुना दाखवला. तारेच्या जागी पुन्हा तारच : जर्मनीत फ्रँकफर्टजवळच्या महामार्गावर २०१९ पासून पेंटोग्राफ लावलेले ट्रक चाचणी म्हणून धावले. इकडे घाटात वंदे भारत गाड्या २०२३ पासून बँकरविना चढू लागल्या, कारण त्यांच्या मोटारी एका इंजिनात एकवटलेल्या नसून गाडीभर वाटलेल्या आहेत.

२३/२३
रेल्वेने इंजिनाची क्षमता कधीच एका आकड्यात सांगितली नाही. कोणत्या टप्प्यात, कोणत्या चढावर, कोणते इंजिन किती टन ओढील आणि बँकर किती लागतील, हे ती टप्प्यागणिक ठरवत आली. पल्ला हा वाहनाइतकाच वाटेचा आणि ओझ्याचा गुण आहे, हे तिला कसाऱ्याने शिकवले. कर्ज काढून विजेची मालगाडी घेणाऱ्या छोट्या वाहतूकदाराच्या हाती मात्र आज रिकाम्या रस्त्याचा एकच आकडा पडतो. भरल्या गाडीचा पल्ला किती आणि घाटातला किती, हे छापून मागण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. त्यावर त्याची दिवसाची फेरी आणि महिन्याचा हप्ता अवलंबून आहे.